दानपेटी आणि मतपेटी



त्रिशरण-पंचशील ग्रहण करून ज्यांना अद्याप फार वर्षे झालेली नाहीत, अशा कुटुंबांना उद्देशून मी हे लिहीत आहे. तुमच्या घरातील देव्हारा उतरला आहे. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लागली आहे. मुलांच्या तोंडी वंदनेच्या गाथा बसू लागल्या आहेत. ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. परंतु दीक्षा घेतल्याने जे सुरू होते ते घराच्या उंबरठ्यापाशी संपत नाही. आपण पैसा कसा मिळवतो, तो कसा खर्च करतो, मजुरी कशी मागतो, ग्रामसभेत बसतो की नाही आणि निवडणुकीच्या दिवशी मत कशावरून ठरवतो, हे सर्व धम्माच्या कक्षेत येते. म्हणून आज मला लोभाविषयी आणि लोकशाहीविषयी बोलावयाचे आहे. वरवर पाहता हे दोन निराळे विषय वाटतील. ते तसे नाहीत, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.

सर्व अकुशल कर्मांची तीन मुळे भगवंतांनी सांगितली : लोभ, द्वेष आणि मोह. लोभ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एखादा कवडीचुंबक सावकार उभा राहतो. आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्पिढ्या असेच सांगण्यात आले की, लोभ हा ज्याच्या त्याच्या मनाचा दोष आहे. त्याचे फळ त्याला पुढल्या जन्मी मिळेल. तुम्ही मात्र आहे त्यात समाधान माना. हा उपदेश कोणाच्या सोयीचा होता हे वेगळे सांगावयास नको. तथागतांचे सांगणे याहून निराळे आहे. लोभ मनात जन्मतो हे खरे, पण तो मनात बसून राहत नाही. तो शेताच्या बांधावर येतो, धान्याच्या कोठारात येतो, कचेरीत येतो आणि सरतेशेवटी राज्यकारभारात जाऊन बसतो.

दीघ निकायात अग्गञ्ञ नावाचे सुत्त आहे. त्यात पुरातन काळची एक कथा येते. त्या काळी भात आपोआप उगवत असे. सकाळी कापावे तर संध्याकाळी पुन्हा तयार. लोक सकाळचे सकाळी आणि संध्याकाळचे संध्याकाळी आणून खात. मग एका आळशी माणसाच्या मनात आले, दोन खेपा कशाला? त्याने दोन्ही वेळचे एकदाच आणले. दुसऱ्याने ते पाहून दोन दिवसांचे आणले, तिसऱ्याने चार दिवसांचे, चौथ्याने आठ दिवसांचे. साठा सुरू झाला तसा भाताला कोंडा आला, तूस आले आणि कापलेले पुन्हा उगवेनासे झाले. मग लोकांनी शेते वाटली, बांध घातले. बांध घातल्यावर एका लोभी माणसाने आपला वाटा राखून दुसऱ्याचा वाटा उचलला. लोकांनी त्याला पकडले, दटावले, मारले. चोरी, खोटे बोलणे, निंदा आणि दंड या गोष्टी अशा रीतीने जगात आल्या. तेव्हा सर्वांनी एकत्र येऊन आपल्यातील एक योग्य माणूस निवडला. तू न्याय कर, आम्ही तुला आमच्या भातातील वाटा देऊ, असे ठरले. सर्व लोकांनी संमती दिली म्हणून त्याला महासंमत म्हणू लागले.

या कथेचा अर्थ नीट ध्यानात घ्या. राजा देवाने पाठवला नाही, तो कोणाच्या मुखातून अथवा बाहूतून निघाला नाही. लोकांनी त्याला निवडले. आणि कशासाठी निवडले? एकाच्या लोभामुळे दुसऱ्याच्या ताटातील घास जाऊ नये यासाठी. म्हणजे राज्य हे लोभाला आळा घालण्यासाठी लोकांनी नेमलेले राखणदार आहे. आता राखणदारालाच लोभी माणसाने विकत घेतले तर त्या शेताचे काय होईल, याचा विचार आपण आपल्या काळाच्या संदर्भात केला पाहिजे.

महानिदान सुत्तात तथागतांनी हीच गोष्ट कार्यकारणाच्या साखळीने समजावून दिली. तृष्णेमुळे माणूस वस्तूच्या शोधाला लागतो. शोधामुळे लाभ होतो. लाभामुळे हे माझे, हे तुझे असा विचार सुरू होतो. त्यातून ओढ, ओढीतून आसक्ती, आसक्तीतून परिग्रह म्हणजे साठवण. साठवणीतून मत्सर आणि कृपणता. मग साठवलेले राखावयाचे म्हणून पहारा येतो. आणि पहाऱ्यापाठोपाठ काठी येते, शस्त्र येते, भांडण येते, असत्य येते. मनातील एका इच्छेपासून निघून शस्त्रापर्यंत कसे पोचता येते, हे भगवंतांनी एकेक पायरी दाखवून सांगितले. वर्गात मुलांना गणिताचे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे तसे हे आहे. एकही पायरी गाळलेली नाही.

मग राज्य चालवणाऱ्याने काय करावे? याचे उत्तर चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात आहे. एका राजाने लोकांच्या रक्षणाची व्यवस्था केली, परंतु निर्धनांना धन दिले नाही. तेवढीच एक गोष्ट राहिली. त्यामुळे दारिद्र्य वाढले. दारिद्र्य वाढल्याने चोरी वाढली. राजाने आधी चोराला पैसे देऊन पाहिले, पण तेवढ्याने भागले नाही. पैसे मिळतात म्हणून आणखी चोऱ्या झाल्या. मग त्याने चोराचे मस्तक उडवले. ते पाहून लोकांनीही शस्त्रे घडवली. हत्या वाढली, असत्य वाढले, आणि होता होता माणूस माणसाला शिकारीतील जनावरासारखा पाहू लागला. पोलीस चौकी बांधली म्हणजे राज्य सुरक्षित झाले असे मानणाऱ्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे. आणि ज्यांना निवडणूक जवळ आली की गरिबाच्या हातावर चार पैसे ठेवणे म्हणजेच गरिबी हटवणे असे वाटते, त्यांनीही वाचावे. दोन्ही उपाय त्या राजाने करून पाहिले होते आणि दोन्ही फसले होते.

खरा उपाय कूटदंत सुत्तात सांगितला आहे. महाविजित राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. त्याच्या शहाण्या पुरोहिताने त्याला सांगितले की राज्यात लूटमार चालू आहे. अशा वेळी नवा कर बसवू नकोस, आणि मारून-बांधूनही हे थांबणार नाही. जो शेती करतो त्याला बी-बियाणे दे, जो व्यापार करतो त्याला भांडवल दे, जो चाकरी करतो त्याला वेतन दे. लोक आपापल्या कामात गुंतले, राज्याचे उत्पन्न वाढले, आणि माणसे दारे उघडी टाकून मुलांना मांडीवर घेऊन निर्धास्त राहू लागली. बी-बियाणे, भांडवल आणि वेतन. या तीन शब्दांत गरिबाला भीक नाही, साधन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आवर्जून नोंदवले आहे की, दारिद्र्य ही धन्य अवस्था आहे असे बुद्धाने कधीही म्हटले नाही. १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले आणि १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. त्यामागे हीच दृष्टी दिसते.

येथपर्यंत राजांची गोष्ट झाली. पण तथागतांच्या काळी ज्या राज्यांत एकच राजा नव्हता अशी गणराज्येही होती. वज्जींचे गणराज्य त्यांपैकी प्रसिद्ध. मगधाचा राजा अजातशत्रू याला ते जिंकावयाचे होते. त्याने आपला अमात्य वस्सकार याला भगवंतांकडे पाठवले. भगवंतांनी वस्सकाराला सरळ उत्तर न देता आनंदाला प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकत्र जमतात, एकत्र उठतात आणि एकत्र काम करतात का? ठरलेले नियम पाळतात का? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत ना? अशा सात गोष्टी वज्जी पाळतात तोपर्यंत त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे भगवंत म्हणाले. वस्सकार हुशार होता. त्याने ताडले की युद्धाने हे लोक हरणार नाहीत; फूस लावून किंवा आपसात फूट पाडूनच हरतील.

पुढची हकीकत अट्ठकथेत येते. वस्सकार वज्जींमध्ये जाऊन राहिला. एकाला बाजूला घेऊन तो हळूच म्हणे, तू फार गरीब आहेस असे लोक म्हणतात, खरे का? दुसऱ्याला म्हणे, तू भित्रा आहेस म्हणतात. तीन वर्षांत अशी स्थिती आली की दोन माणसे एका वाटेने चालेनात. मग अजातशत्रूचे सैन्य आले. सभेची भेरी वाजली. लोक घरातच बसून राहिले. जे मोठे आहेत, जे शूर आहेत, त्यांनी जमावे, आमचे तेथे काय काम, असे म्हणाले. वैशालीच्या वेशीचे दरवाजे उघडेच राहिले.

बंधूंनो, लोकशाही कशी मरते याचे याहून स्पष्ट वर्णन मी कोठे वाचलेले नाही. सैन्य शेवटी आले. त्याच्या आधी ‘मोठ्यांनी जमावे, आमचे काय काम’ हा विचार आला होता.

आता आपल्या काळाकडे येऊ. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी जे भाषण केले ते प्रत्येक बौद्ध घरात वर्षातून एकदा तरी वाचले जावे. त्यात त्यांनी भिक्षुसंघाच्या कामकाजाचा दाखला दिला आहे. ठराव, गणसंख्या, मतदान हे सर्व नियम संघाला ठाऊक होते. लोकशाही या देशाला परकी नाही, ती येथे होती आणि गमावली गेली, हे त्यांनी सांगितले. आणि मग इशारा दिला की २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करीत आहोत. राजकारणात एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताचे मूल्य सारखे; समाजात आणि अर्थव्यवहारात मात्र विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक राजकीय लोकशाहीची ही इमारत उद्ध्वस्त करतील, असे ते म्हणाले होते.

ती विसंगती दूर झाली काय? जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली भारतासंबंधी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे २०२२-२३ साली देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या एकूण संपत्तीपैकी सुमारे ४० टक्के संपत्ती होती. खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे मिळून साडेसहा टक्केही नव्हती. शंभर भाकऱ्या आहेत आणि खाणारे शंभर आहेत असे समजा. एकट्यापुढे चाळीस भाकऱ्या, आणि पन्नास जणांच्या पंगतीला साडेसहादेखील नाहीत. २०२४ साली जी लोकसभा निवडून आली, तीतील ५४३ पैकी ५०४ सदस्यांनी आपली मालमत्ता एक कोटी किंवा त्याहून अधिक असल्याचे स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात लिहिले होते. श्रीमंत माणूस चांगला प्रतिनिधी होऊ शकत नाही असे मी म्हणत नाही. अनाथपिंडिक श्रीमंतच होता आणि तथागतांचा थोर उपासक होता. पण श्रीमंत नसलेल्याला सभेत जागाच उरत नसेल, तर वज्जींची भेरी पुन्हा वाजू लागली आहे असे समजावे.

पैसा राजकारणात कोठून येतो हेही लोकांना कळू नये अशी व्यवस्था काही वर्षे होती. २०१८ साली निवडणूक रोखे आले. कोणी कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला हे जाणण्याचा हक्क आहे, असे न्यायालय म्हणाले. संविधान अद्याप जागे आहे याचे हे उदाहरण. पण न्यायालय दिल्लीत आहे आणि लोभ आपल्या आळीपर्यंत पोचलेला आहे.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या आजोबांच्या तरुणपणी मताचा अधिकार जमीन, करभरणा किंवा शिक्षण पाहून मिळत असे आणि त्यांच्याजवळ तिन्हींपैकी काही नव्हते. म्हणून ‘एक व्यक्ती, एक मत’ हा धडा मी जरा जीव ओतून शिकवतो. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी कशी केली तेही सांगतो. एकदा असे शिकवत असताना सातवीतील एका मुलाने हात वर केला आणि विचारले, “गुरुजी, आमच्या आळीत एका मताला पाचशे मिळाले. मग वाड्यातल्या मताला किती मिळत असतील?” वर्ग हसला. मुलगा मात्र थट्टा करीत नव्हता. त्याने मताचा भाव ऐकला होता आणि भाव आहे तेथे लहानमोठे असणारच, असा त्याचा साधा हिशेब होता.

हा हिशेब मुलाने घरी-दारी शिकला. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द कराव्या लागल्या. कारण, तेथे सरपंचपदाचा आणि सदस्यपदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले होते. एका गावी बोली दोन कोटींच्या वर गेली होती, दुसऱ्या गावी बेचाळीस लाखांपर्यंत. असे लिलाव होतात तेव्हा समर्थनही तयार असते : पैसा कोणाच्या खिशात जात नाही, देवळाच्या कामाला लागतो, शिवाय बिनविरोध झाले म्हणजे गावात भांडण नाही. ऐकावयास गोड वाटते. पण ज्याच्याजवळ बोली लावण्यास पैसा नाही त्याचे काय झाले? भूमिहीनाची, विधवेची, ज्या वस्तीच्या घरांवर अजून पत्रा नाही त्या वस्तीची संमती कोणी विचारली? महासंमताला लोकांनी निवडले होते. येथे पद बाजारात मांडले गेले.

आता कोणी म्हणेल, ते देवळाचे झाले, आपण तर बौद्ध आहोत. थांबा. आपल्या विहाराकडेही पाहिले पाहिजे.

निवडणूक आली की आपल्या वस्तीत एखादा उमेदवार येतो. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो, ‘जयभीम’ म्हणतो आणि विचारतो, विहाराला काय कमी आहे? कोणी म्हणते पत्रे, कोणी म्हणते ध्वनिक्षेपक, कोणी म्हणते संरक्षक भिंत. सौदा उघड बोलून होत नाही, पण सगळ्यांना समजतो. पाचशे रुपये एकेकाला देण्यापेक्षा सबंध वस्ती एका छपराच्या किमतीत मिळते. एका वस्तीतील अशाच बैठकीला मी हजर होतो. मंडळी जवळजवळ तयार झाली होती. कोपऱ्यात बसलेली एक वृद्ध उपासिका एवढेच म्हणाली, “पत्रं त्येनं घातली तर सावली कुनाची व्हनार? आपली का त्येची?” त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या विहारावर पुढे पत्रे चढले, पण ते घरोघरच्या वर्गणीतून आणि एका पावसाळ्याच्या विलंबाने.

त्या माऊलीला माहीत असो वा नसो, ती यश स्थविरांची परंपरा चालवत होती. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी, त्याच वैशालीत, काही भिक्षूंनी उपोसथाच्या दिवशी काशाचे पात्र पाण्याने भरून मध्ये ठेवले आणि उपासकांना त्यात नाणी टाकण्यास सांगितले. यश स्थविरांनी तेथल्या तेथे विरोध केला. भिक्षूंनी जमलेले धन वाटून घेतले आणि यशांचाही वाटा काढून ठेवला. यशांनी तो नाकारला. तेव्हा त्यांनाच दोषी ठरवण्यात आले. पण यश गप्प बसले नाहीत. त्यांनी उपासकांपुढे आपली बाजू मांडली, दूरदूरच्या भिक्षूंना बोलावले, आणि सातशे भिक्षूंची दुसरी संगीती वैशालीला भरली. तेथे निवडलेल्या मंडळाने चर्चा करून ती प्रथा अधर्म ठरवली. वाटा नाकारणारा एक माणूस आणि विचार करणारी सभा, एवढ्या दोन गोष्टी असल्या की धम्म टिकतो. लोकशाहीचेही तसेच आहे.

येथे एक गोष्ट मला स्पष्ट केली पाहिजे. ज्या घरात संध्याकाळी चूल पेटेल की नाही याची खात्री नाही, त्या घरातल्या आईने पाचशे रुपये घेतले तर तिला लोभी म्हणणे धम्माला शोभत नाही. आळवी नगरात तथागत उपदेशाला बसले असता एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, उपाशीपोटी धावत आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालावयास लावले आणि मगच उपदेश केला. भूक हा मोठा रोग आहे हे त्यांनी ओळखले होते. गरज आणि लोभ यांत फरक आहे. लोभ त्याचा, जो दुसऱ्याची भूक पाहून तिच्यात आपला फायदा शोधतो. तेव्हा शब्द वापरताना आपल्या भगिनीवर दगड उचलू नका.

परंतु त्या भगिनीलाही मी हात जोडून एक हिशेब सांगेन. पाचशे रुपये पाच वर्षांसाठी मिळतात. पाच वर्षांचे दिवस होतात १८२६. भागाकार केला तर दिवसाला सत्तावीस पैसे पडतात. या सत्तावीस पैशांत आपण काय देऊन टाकतो? रेशन दुकानात धान्य कमी मिळाले तर जाब विचारण्याचे तोंड देतो. मुलाची शिष्यवृत्ती अडली, रोजगार हमीची मजुरी थकली, तर कचेरीत ताठ उभे राहण्याचा कणा देतो. कारण ज्याने विकत घेतले तो म्हणणार, तुमचे पैसे दिले की! रेशनचे धान्य हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. हक्क आणि बक्षिसी यांतला फरक आपल्या मुलांना कळला पाहिजे. शिवाय मतासाठी लाच देणे आणि घेणे हे दोन्ही कायद्याने गुन्हे आहेत.

आणि ज्यांची भूक भागली आहे त्यांचे काय? आपल्यातील जे शिकले, नोकरीला लागले, शहरात सदनिका घेऊन राहिले, त्यांच्यासाठी हा प्रश्न अधिक टोकदार आहे. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बाबासाहेबांनी सांगितले होते की प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा निदान विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा. शंभरातले पाच. हे आपल्यापैकी किती जण देतात? हा हिस्सा नियमाने निघाला असता तर विहाराच्या पत्र्यासाठी उमेदवाराच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी आली नसती. आपली दानपेटी रिकामी राहते म्हणून दुसऱ्याचा हात आपल्या मतपेटीत शिरतो. आता पेटीच्या जागी यंत्र आले आहे, पण गोष्ट तीच आहे.

मग मत कसे द्यावे? कोणत्या पक्षाला द्या हे मी सांगणार नाही. ते सांगणे या पानाचे काम नाही. पण कसोटी विनयात आहे. भिक्षुसंघात वाद मिटत नसे तेव्हा शलाका वाटून मतदान होई. शलाका वाटणारा भिक्षू कसा असावा? जो चार अगतींनी जात नाही असा. छंद म्हणजे आवड किंवा लालसा, द्वेष, मोह आणि भय, या त्या चार अगती. सिगालोवाद सुत्तात गृहस्थालाही भगवंतांनी याच चार वाटा टाळण्यास सांगितले आहे. मतदानाला निघताना घरातील सर्वांनी मिळून हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. मी पैशाच्या किंवा नात्यागोत्याच्या ओढीने जात आहे काय? कोणाच्या द्वेषाने जात आहे काय? खोट्या प्रचाराला भुलून जात आहे काय? मालकाच्या, सावकाराच्या, दांडगटाच्या भीतीने जात आहे काय? चारही प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर आले की तुमचे मत बौद्धाचे मत झाले, मग ते कोणालाही पडो.

आणि मतदान पाच वर्षांनी येते, लोकशाही मात्र रोजची आहे. म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझी काही सांगणी आहेत. विहाराचा जमाखर्च दर पौर्णिमेला वंदनेनंतर सर्वांसमोर वाचला जावा. कोणी दिले, किती दिले, कशाला लागले. निवडणुकीच्या काळात कोणत्याही उमेदवाराची देणगी घेऊ नये, असा ठराव आधीच करून भिंतीवर लावावा. विहाराचे पंच निवडताना स्त्रियांना अर्धी जागा द्यावी आणि तेच तेच लोक वर्षानुवर्षे बसू नयेत. ग्रामसभेच्या दिवशी रोज बुडाला तरी घरातील एकाने जावे आणि बोलावे, कारण सभा सोडून बसणाऱ्या वज्जींचे काय झाले ते आपण पाहिले. वस्तीत बचत गट चालवावा, म्हणजे अडीनडीला सावकार किंवा उमेदवार आठवणार नाही. सिगालोवाद सुत्तात उत्पन्नाचे चार भाग सांगितले आहेत : एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा भाग संकटासाठी राखून ठेवावयाचा. मजुराला चार भाग पाडणे कठीण आहे हे मी जाणतो. पण लग्नातील वाजंत्री, दारू आणि उसने अवडंबर कमी केले तर चौथा भाग पुष्कळ घरांत निघू शकेल.

ही कामे लहान दिसतात. चाळीस भाकऱ्या ज्याच्यापुढे आहेत त्याच्यावर याने काय परिणाम होणार, असे कोणी विचारील. परिणाम असा की, ज्या वस्तीला विकत घेता येत नाही तिच्याशी बोलावे लागते. तिला पाणी, शाळा, जमीन, मजुरी यांवर उत्तर द्यावे लागते. बी-बियाणे, भांडवल आणि वेतन मागण्याचे बळ जो विकला गेला नाही त्यालाच असते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले. ती माणसे आपल्यापेक्षा गरीब होती.

आपण दीक्षेच्या वेळी जी प्रतिज्ञा केली तीत सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. या देशात अजून पुष्कळ ठिकाणी माणूस माणसाबरोबर समान नाही : पाणवठ्यावर नाही, लग्नाच्या बाजारात नाही, पगाराच्या रांगेत नाही. फक्त मतदान केंद्राच्या रांगेत वाड्यातला आणि वस्तीतला एकाच्या मागे एक उभे राहतात आणि दोघांचे माप एकच असते. एवढी एक जागा बाबासाहेबांनी आपल्याला समतेची मिळवून दिली. तिथून पुढे बाकीच्या जागा मिळवावयाच्या आहेत. ती विकू नका, आणि शेजाऱ्यावर ती विकण्याची वेळ येऊ देऊ नका.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.